दोन्ही रिलीज

“दोन्ही? दोन्ही करंड्या? साळुंखे, लाल खुणेची करंडीसुद्धा?”

हे मी ओरडत होतो. विश्रांतवाडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत, हातात टेलिफोनचा रिसीव्हर, पायाला डांबर. शेजारी सांगतात, आवाज आळंदीपर्यंत गेला. आळंदीचं मला माहीत नाही, पण धानोरीपर्यंत नक्की गेला, कारण तिथले एक ओळखीचे गृहस्थ दुपारी तब्येतीची चौकशी करायला आले. वार रविवार. वेळ ०७०५.

लोणी काळभोरहून लान्स नायक साळुंखे शांतपणे म्हणाला, “व्हय साहेब. दोन्ही. बरोबर सात वाजता. आभाळ साफ हाय.”

सिव्हिलियन वाचकांना आधी पोस्टिंग समजावून सांगायला हवं. मी सिग्नल्समध्ये चोवीस वर्षं काढली आणि हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. चोवीस वर्षांत इतकी केबल टाकली, की सरळ केली तर चंद्राला दोन वेढे बसतील. आमचे सी.ओ. एकच वेढा म्हणायचे, पण ते गणितात कच्चे होते. शेवटचं पोस्टिंग मद्रास. तिथे आमच्याच पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार पेरुमाळ राहत. ते लांब पल्ल्याच्या शर्यतीची कबुतरं पाळत. निरोपाच्या दिवशी पलटणीनं मला घड्याळ दिलं आणि पेरुमाळसाबनी एक मादी दिली. घड्याळ वर्षभरात बंद पडलं.

मादीचं नाव निळी. डोळा डाळिंबी, पाठ सपाट, आणि छाती अशी की मुठीत धरली तर आत इंजिन चालू असल्यासारखं वाटे. दिल्लीहून सोडलेलं हे पाखरू एका दिवसात मद्रासला पोचलं होतं. पेरुमाळसाब नागपूर म्हणतात. मी दिल्ली म्हणतो. निळीनं यावर कधी मत दिलं नाही.

शर्यतीच्या कबुतराची एक गोष्ट पक्की असते. दुसऱ्याच्या ढाबळीत वाढलेलं पाखरू तुम्ही आणा, सहा वर्षं दाणे घाला, लाड करा. दार उघडं मिळालं की ते तुमच्याकडे वळूनही बघत नाही. जिथे उडायला शिकलं तिथेच जातं. म्हणून अशा पाखराला सोडायचं नसतं, त्याच्याकडून फक्त पिल्लं घ्यायची. आम्ही त्यांना कैदी म्हणायचो. विश्रांतवाडीत माझ्या गच्चीवर जन्मलेली पिल्लं विश्रांतवाडीची. निळी मात्र मद्रासची. ती सहा वर्षं जाळीच्या आत होती.

तिच्यापासून मी वंश उभा केला. निळीचा मुलगा, मुलाचा मुलगा, आणि नातू मजबूत निघाला की त्याला परत निळीशी जोडायचं. असं केल्यानं रक्त पातळ होत नाही. नारायण पेठेतल्या माझ्या मेहुण्यांना हे ऐकून घाम फुटला. म्हणाले, “अहो, असलं काही आमच्या पेठेत चालत नाही.” मी म्हटलं, “तुम्ही लोक पेठेबाहेर उडता कुठे?”

त्या वर्षी नातू तयार झाला होता. आजीसारखीच सपाट पाठ, तोच डोळा. निळी अकरा वर्षांची. आता ती फार तर एकदा अंडी देणार होती. सहा वर्षांचा सगळा खटाटोप त्या एका जोडीसाठी होता. जोडी नुकतीच जमली होती, आणि नेमका तेव्हाच गच्चीतून पाणी गळायला लागलं. डांबर घालायचं ठरलं. डांबराच्या वाफेत म्हाताऱ्या मादीची छाती धरते. म्हणून आठ दिवसांसाठी जोडी साळुंखेच्या शेतावर हलवायचा निर्णय घेतला.

साळुंखे माझ्या हाताखाली लाइनमन होता. माणूस असा की त्याला खांबावर चढवून विसरलात तर पेन्शनपर्यंत खांबावरच राहील. दर रविवारी माझी तरुण पाखरं सरावासाठी त्याच्याकडे जात. पद्धत ठरलेली. ०६४५ ला तो मला फोन करणार, मी विश्रांतवाडीचं आभाळ बघणार, ‘रिलीज’ म्हणणार, आणि सातला तो करंडीचं दार उघडणार. शनिवारी टेम्पोनं दोन करंड्या पाठवल्या. पांढऱ्या खुणेची सरावाची, लाल खुणेची निळी-नातवाच्या जोडीची. लाल उघडायची नाही, हे साळुंखेला तोंडी सांगितलं होतं. तोंडी ऑर्डरवर नवीन ऑर्डर आली की नवीन लागू, हेही त्याला मीच दहा वर्षं शिकवलं होतं.

आता विशाल. आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू, यवतमाळचा, सॉफ्टवेअर कंपनीत. त्या दिवसांत पानाच्या टपरीवरसुद्धा कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती आणि गल्लीत मोबाइल फक्त विशालकडे होता. मुलगा गुणी. माझी वंशावळीची वही त्यानं आपण होऊन कॉम्प्युटरवर चढवली होती. रविवारी सकाळी खाली येऊन तो पाखरांच्या परतीच्या वेळा लिहून घेई.

त्या रविवारी ०६४४ ला डांबरवाल्यांनी पेटवलेलं पिंप ढाबळीच्या फळीला टेकवलं. मी वर धावलो. ०६४५ ला फोन वाजला. विशालनं उचलला. त्याच्या दुसऱ्या कानाला मोबाइल होता आणि मोबाइलवर त्याचं ऑफिस होतं.

इथे शब्दाचा घोळ समजून घ्या. पलटणीत रिलीज म्हणजे माणूस वर्दी उतरवून घरी जातो. साळुंखेच्या शेतावर रिलीज म्हणजे करंडीचं दार उघडतं. विशालच्या कंपनीत रिलीज म्हणजे नक्की काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही, अमेरिकेत कोणीतरी खूश होतं एवढंच दिसतं.

साळुंखेनं विचारलं, “साहेब, रिलीज का?”

विशाल मोबाइलमध्ये म्हणाला, “हो, दोन्ही रिलीज करा.”

साळुंखे चमकला. त्यानं नियमाप्रमाणे संदेश उलट वाचून दाखवला. “दोन्ही रिलीज. सात वाजता. बरोबर?”

“हो हो, दोन्ही. सातच्या पुढे जाऊ देऊ नका.”

“रॉजर.”

साळुंखेनं फोन ठेवला. विशालनं रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पलीकडे कोण होतं हेही त्याच्या लक्षात राहिलं नाही. मी डांबरवाल्यांना डोंगरावरच्या तोफखान्यालाही दिल्या नसतील अशा शिव्या देऊन खाली आलो, साळुंखेचा फोन कसा आला नाही म्हणून मीच लावला. पुढचं वर सांगितलंच आहे.

“मी वर होतो, तर मग तू बोललास कोणाशी?”

“तुमच्याशीच की साहेब.”

“आवाज ओळखला नाहीस?”

“लाइनवर खरखर व्हती साहेब. फोन तुमचा व्हता.”

“निळी कुठे गेली?”

“दोन फेऱ्या मारल्या. मग बाकी सगळी तुमच्याकडं वळली. नातू बी त्यांच्यात. ती येकली सोलापूर रोडच्या अंगानं गेली.”

सोलापूर रोडचं अंग म्हणजे मद्रासची दिशा. नऊशे किलोमीटर. सहा वर्षांत जिनं पंख पुरता पसरला नव्हता, तिच्यापुढे नऊशे किलोमीटर. साळुंखे लुना घेऊन तिच्या मागे यवतपर्यंत गेला. तिथे त्याला आभाळात फक्त घारी दिसल्या. ते त्यानं मला दोन दिवसांनी सांगितलं.

०७२४ ला तरुण पाखरं उतरली. ०७३१ ला नातू उतरला. फळीवर बसला, डांबराचा वास घेतला आणि पाठमोरा झाला. विशाल वही घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे वळलो. मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. पहिली दहा मिनिटं तर ते मराठीतही नव्हतं.

“काका, मले काय माहीत,” तो म्हणाला. एरवी पुण्याचं मराठी बोलणारा पोरगा, यवतमाळला जाऊन पोचला. “आमची दोन रिलीज होती ना आज. मले वाटलं ऑफिसचाच कोणी इकडून विचारून राहिला.”

“माझ्या घरच्या फोनवर तुझं ऑफिस?”

“लक्षातच नाही आलं काका. सॉरी.”

“अरे, फोन उचलला की आधी विचारायचं, कोण बोलतंय. रिक्रूटलाही पहिल्या आठवड्यात शिकवतात.”

आणि हे बोलताना माझाच संताप माझ्यावर उलटला. चोवीस वर्षं सिग्नल्समध्ये काढलेल्या माणसानं आपला टेलिफोन उघडा टाकून जागा सोडली होती. पलटणीत यासाठी मी दुसऱ्याला चौदा दिवस बराकीत कोंडलं असतं. हे मी विशालला सांगितलं नाही. साळुंखेलाही नाही. त्या दोघांवर मी महिनाभर ओरडत राहिलो.

आठवड्यानं विशालनं वंशावळीचा नवा कागद आणून दिला. निळीच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘इनॅक्टिव्ह’.

“हे काय?”

“सिस्टीममध्ये दोनच पर्याय आहेत काका. अ‍ॅक्टिव्ह आणि इनॅक्टिव्ह.”

“मग तिसरा बनव. मिसिंग. ड्यूटीवर असताना मिसिंग.”

तो रात्रपाळी करून आलेला होता, तरी बसला आणि तिसरा पर्याय बनवला. माझा राग त्यानं गेला नाही. पण कागद मी ठेवून घेतला.

निळीचा थेट वंश तिथेच थांबला. नातवाला दुसऱ्या माद्या दिल्या. पिल्लं बरी निघाली, कोल्हापूरहून आली, बेळगावहून आली. डोळा मात्र पुन्हा डाळिंबी झाला नाही. प्रत्येक पिल्लाचा डोळा उजेडात धरून मी बघत असे आणि प्रत्येक वेळी कोणावर तरी खेकसत असे. आजही रविवारी ०७०० ला गच्चीवर हजेरी घेतो. पहिलं नाव निळीचं. उत्तर येत नाही. मी टिकमार्क न करता दुसरं नाव घेतो. साळुंखे असला तर तेवढ्यापुरता सावधानमध्ये उभा राहतो. तो आता सत्तरीचा आहे, गुडघे वाजतात.

मद्रासच्या फोनचं सांगायचं राहिलं. निळी गेली त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी पेरुमाळसाबना फोन करत होतो. आमचं बोलणं पलटणी हिंदीत.

“आली?”

“नाही.”

आठ दिवस एवढंच. नवव्या दिवशी माझा तोल सुटला. सुभेदारावर हवालदारानं आवाज चढवू नये, पण चढवला. म्हटलं, साब, गच्चीवर जाऊन नीट बघता तरी का?

मग ते म्हणाले, गच्ची नाही. मुलांनी घर बिल्डरला दिलं. ढाबळ पाडून तीन वर्षं झाली, तिथे आता कॉम्प्युटर कंपनीची काचेची इमारत आहे. ते स्वतः गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. गेले आठ दिवस रोज बस पकडून तिथे जातात, समोरच्या फुटपाथवर अंधार पडेपर्यंत उभे राहतात आणि वर बघतात.

मी ओरडलो. बहुधा पुन्हा धानोरीपर्यंत. “तीन वर्षं, साब? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?”

“ती कैदी होती,” पेरुमाळसाब म्हणाले. “घराचा पत्ता बदलल्याचं कैद्याला कोण कळवतं?”