दोघांत मिळून एक डोकं

आमच्या खाली राहणाऱ्या आजोबांइतक्या आत्मविश्वासानं विसरणारा माणूस त्या काळच्या अख्ख्या वाशीत दुसरा सापडला नसता. वाशी तेव्हा, ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, नुकती कुठे वसत होती. इमारती एकसारख्या, जिनेही एकसारखे, त्यामुळे चुकायचे सगळेच. पण आजोबांची तऱ्हाच निराळी. एकदा ते दूध घेऊन शेजारच्या इमारतीत शिरले, तिथलं लोटलेलं दार ढकलून थेट स्वयंपाकघरात गेले आणि पेज शिजत ठेवली. त्या घरच्या बाई आंघोळ करून बाहेर आल्या, तर आजोबा त्यांनाच म्हणाले, "बसा, ही उठेलच आता." पेज मात्र छान झाली होती, असं त्या बाईच पुढे सांगत.

"ही" म्हणजे आजी. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली, तेव्हापासून त्यांचं सगळं आजोबाच करत. लक्षात राहावं म्हणून खांद्यावरच्या पंच्याला गाठी मारत. संध्याकाळपर्यंत पंचा इतका आखडे की तोंड पुसायला टोक उरत नसे. कुठली गाठ कशाची, ते मात्र आजी पलंगावरून सांगत. "ती रॉकेलची. आणि अहो, आमटीत मीठ घातलंय, आता पुन्हा नको." हातपाय यांचे आणि डोकं त्यांचं, असा तो झकास संसार चालला होता.

एकदा तळोज्याला नोकरी करणारा मुलगा आला. म्हणाला, "बाबा, टेन्शन येतं हो तुमचं. आईला मी नेतो, तुम्ही ताईकडे नाशिकला जा." आजोबांनी ते हसण्यावारी नेलं. तो गेल्यावर मला जिन्यात गाठून म्हणाले, "अगं, मी विसरतो हे हिला कळू देऊ नकोस. ही पोराला सांगेल, आणि मग नेतील गं हिला." सगळ्या सोसायटीला ठाऊक असलेलं गुपित ते मला सांगत होते. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मात्र मला त्यांची फार माया आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आजींपाशी बसले होते. आजोबांनी माझ्यासमोरच त्यांची वेणी घातली आणि ते चहा टाकायला गेले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "थांब गं, तुझी वेणी राहिलीय." मी तोंड उघडणार, तोच आजींनी मला डोळ्यांनी दटावलं आणि चालत्या हातानं भराभर वेणी सोडून टाकली.

आजोबा फणी घेऊन आले. मला म्हणाले, "बघ, राहिलीच असती."

"तुमच्या लक्षात असतं हो सगळं," आजी म्हणाल्या आणि त्यांनी मान पुढे केली.