रबरी चपलेचा उपाय

सांगलीच्या विश्रामबागेतील आमच्या इमारतीत रबरी चप्पल घालून आंघोळ करण्याची प्रथा होती. प्रथाच म्हणतो, कारण तिचे कारण विचारणारा माणूस तेथे उद्धट ठरत असे. साताऱ्याची न्यायालयीन सेवा संपवून आम्ही उभयता येथे राहावयास आलो, तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षांनी किल्ल्यांसोबत नव्या निळ्या स्लीपरांचा एक जोड माझ्या हातात ठेवला.

"आमच्याकडनं भेट, काका. बाथरूमात ठिवा. नळाला जरा मुंग्या येत्यात."

"मुंग्या येतात म्हणजे नेमके काय होते?"

"आवं, झिणझिणतं वाईच. लय काय न्हाई. सगळ्यांकडंच हाय."

'सगळेच करतात' हा बचाव मी न्यायालयात इतक्या आरोपींच्या तोंडून ऐकला आहे की त्याची मला किळस आहे. तो ग्राह्य धरणारा न्यायाधीश मला भेटला नाही. या इमारतीत मात्र त्याच्यावर सुशिक्षित कुटुंबे सुखाने नांदत होती.

माझ्या पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. ती बुटक्या स्टुलावर बसून आंघोळ करते आणि उठताना समोरचा नळ धरते. अंगावर पाणी घेताना ती स्तोत्र म्हणते. "देवाचं नाव घ्यायचं आणि पायात चपला? मला नाही जमायचं," असे सांगून तिने तो निळा जोड पहिल्याच दिवशी दाराबाहेर काढला.

एके सकाळी स्तोत्र मध्येच तुटले आणि काहीतरी आदळल्याचा आवाज झाला. मी दार ढकलले, तर ती स्टुलाशेजारी आडवी पडली होती. उठण्यासाठी तिने नळ धरला होता आणि तो तिला सोडता येईना. तोल जाऊन शरीराच्या भाराने हात सुटला, म्हणून ती वाचली. "हात माझाच होता," ती नंतर म्हणाली, "पण माझं ऐकत नव्हता."

विजेचा हा गुण शाळेच्या पुस्तकात आहे. प्रवाह स्नायूंतून गेला की बोटे आवळली जातात, आणि ज्या वस्तूपासून हात दूर न्यायचा, तिलाच मूठ घट्ट धरून बसते. घरातला दाब दोनशेतीस व्होल्टचा. कोरडी कातडी त्याला बराच अडथळा करते. ओली कातडी फारसा करत नाही. म्हणून कोरड्या हाताला ज्या मुंग्या येतात, त्याच ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर, अनवाणी पायाने मरण होऊ शकतात. रबरी चप्पल पायाखालची वाट अडवते, एवढेच. ओला हात भिंतीला टेकला की दुसरी वाट मोकळी.

मी टेस्टर आणला. नळाला टेकवताच त्यातला दिवा पेटला. घराचा मुख्य स्विच बंद केला, तरी पेटलेलाच. म्हणजे वीज आमची नव्हती. ती दुसऱ्या कोणाच्या घरातून आमच्या नळात आली होती. इमारतीमागच्या अरुंद बोळात जाऊन पाहिले, तेव्हा उलगडा झाला. बांधणाऱ्याने अर्थिंगसाठी जमिनीत खड्डा खणण्याचे कष्ट वाचवले होते आणि सर्व घरांच्या अर्थिंगच्या तारा पाण्याच्या लोखंडी पाइपाला गुंडाळल्या होत्या. पाइप जमिनीत जात होता तोवर हा गुन्हा झाकला गेला. पुढे सोसायटीने जमिनीलगतचा गंजका तुकडा काढून तेथे प्लास्टिकचा बसवला. त्या दिवसापासून वरचे सारे लोखंड अधांतरी झाले. कोणाच्याही घरात गळणारी वीज जमिनीत जाण्याऐवजी सर्वांच्या नळांत वाट पाहत थांबू लागली.

कोणाच्या घरातली, हेही कळले. आमच्या डोक्यावर राहणारे अध्यक्ष सहकुटुंब आष्ट्याला आपल्या उसाकडे गेले की माझा टेस्टर विझे; ते परतून गिझर लावत आणि तो पेटे. परिस्थितीजन्य पुरावा याहून स्वच्छ नसतो. मी वर गेलो.

"गळती झाली की वीज तोडणारे उपकरण तुमच्याकडे आहे ना?"

"व्हतं की. सारखं पडायचं, काका. पोरांची आंघोळ अर्धी राह्याची. वायरमनला सांगून डायरेक्ट करून टाकलं. आता कटकट न्हाई."

तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे ते उपकरण त्या घरात एकटेच खरे बोलत होते; म्हणून त्याला काढले. गिझर बंद ठेवा, असे मी सांगितले. "थंडीचं? पोरांस्नी?" असे म्हणून त्यांनी दार लावले. मी पत्नीला नळाशी जाण्यास बंदी केली, तिच्यासाठी स्वयंपाकाच्या गॅसवर पाणी तापवून बादली खोलीत नेऊ लागलो आणि सोसायटीला लेखी नोटीस दिली. उत्तर आले नाही. दुसरी दिली, विद्युत निरीक्षकांना प्रत पाठवून. त्यानंतर मात्र पार्किंगमध्ये सभा बोलावण्यात आली. विषय इमारतीच्या रंगाचा होता.

मी उभा राहिलो. "काका, करंट नळापरीस तुमच्या पेनातच जास्त हाय," अध्यक्ष म्हणाले, आणि सभा खदखदून हसली. तिच्यात माझ्या पत्नीच्या प्रकृतीची चौकशी करून गेलेलेही होते. ते हसणे मी विसरलेलो नाही आणि विसरण्याचा माझा विचारही नाही.

मी गाड्या धुण्याच्या नळाकडे गेलो आणि टेस्टर लावला. दिवा पेटला.

"ह्यो टेस्टर स्वस्तातला दिसतोय," अध्यक्ष म्हणाले.

"मग चप्पल काढा," मी म्हणालो. "या ओल्या जागी उभे राहा आणि हा नळ धरा. काही नाहीच म्हणता ना!"

ते हसत पुढे आले. डाव्या पायाची चप्पल त्यांनी अर्धी काढलीही. तेवढ्यात खुर्च्यांमधून त्यांच्या पत्नी ओरडल्या, "आवं, हात लावू नगा त्याला!"

अध्यक्षांचा पाय चपलेत परत गेला. त्या बाईंचे वाक्य जसेच्या तसे इतिवृत्तात घ्यावे, अशी मी मागणी केली.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांच्या गिझरची जोडणी तोडण्यात आली. नंतर अर्थिंगचा खड्डा खणला गेला, कोळसा आणि मीठ भरून धातूची पट्टी पुरली गेली, प्रत्येक घराची तार तिला जोडली गेली आणि काढून टाकलेले उपकरण पुन्हा बसले. नारळ अध्यक्षांनी फोडला. 'अध्यक्षांच्या पुढाकाराने' असा फलकही त्यांनी लावला. त्यावरील माझी हरकत प्रलंबित आहे. खोबऱ्याचा तुकडा मी नाकारला. पत्नीने घेतला आणि मला म्हणाली, "आता पुरे करा."

ती हल्ली पुन्हा अनवाणी बसते आणि नळ धरून उठते. स्तोत्र शेवटपर्यंत ऐकू येते. ती आत जाण्यापूर्वी मी रोज नळाला टेस्टर लावून पाहतो. तिला ते आवडत नाही.

निळ्या स्लीपरांचा जोड मी कागदात बांधून, सोबत पत्र जोडून, वरच्या मजल्यावर परत केला. पोच मागितली होती. ती अद्याप मिळालेली नाही.