मिशी काढली अन् आत्या रडत आली

मंडळी, आज थोडक्यात वाचलो.

आपल्या हौशी मंडळाच्या नाटकात राणी मीच. बाबांचा विरोध, म्हणून पहाटे गुपचूप मिशी काढली आणि छकड्यात भाजी भरून दर्यापूरच्या बाजारात गेलो. आपल्याकडे बाप वारल्यावरच मिशी काढतात, हे ध्यानातच राहिलं नाही!

दुपारी परतलो, तर बाजारात मला पाहिलेली आत्या मागोमाग गळा काढत आली. बाबा ओसरीवर भाकर खात होते.

"भाऊ, तू तं जित्ता हायेस!" आत्या ओरडली.

बाबांनी माझं तोंड न्याहाळलं. मी पटकन हातानं ओठ झाकला.

"आता नाटकाले यावंच लागते," ते म्हणाले. "मी जित्ता हावो, हे गावाले दिसलं पायजे. पयल्या रांगेत बसतो."

जीव भांड्यात पडला. पण मंडळी, बापासमोर राणी होऊन लाजायचं कसं?