सासऱ्यांच्या चहातली गोळी

माझ्या सासऱ्यांइतकी लांब प्रार्थना करणारा माणूस अख्ख्या कोपरगाव तालुक्यात दुसरा नव्हता. मिशनच्या शाळेतली मास्तरकी संपल्यावर ते गावातल्या ख्रिस्ती मंडळींची रविवारची उपासना चालवत आणि देवाला एकही बातमी चुकू देत नसत. लढाईतले दोन्ही पक्ष, उसाची कीड, टपालवाल्याची गुडघेदुखी, शेजारची अडलेली म्हैस, सगळं सविस्तर. एकदा जेवणाआधी त्यांनी डोळे मिटले आणि मांजराने ताटातला बोंबील पळवला. सासूबाई म्हणाल्या, "आवं, देवाला समदं ठाव हाय. भाकरी गार झाली." डोळे न उघडता ते म्हणाले, "ठाव आसंल. पन आपन सांगावं, त्यालाबी बरं वाटतं." मग मांजरासाठीही दोन वाक्यं झाली. दारूचा इतका तिटकारा, की मी दिलेलं खोकल्याचं औषधही आधी हुंगून बघत.

मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. एका रविवारी मला दुपारची मोटार गाठायची होती. फेफऱ्याच्या रोग्यांना आम्ही फिनोबार्बिटोन देत असू. त्याने मेंदूची धावपळ मंदावते, एवढं मला पाठ होतं. म्हाताऱ्याला जरा पेंग येईल, प्रार्थना आटोपेल, म्हणून सकाळच्या चहात मी एक गोळी विरघळवली.

पेंग आलीच नाही. म्हाताऱ्या माणसाला ती गोळी कधीकधी झोपेऐवजी झिंग आणते आणि शरीरातून उतरायला दिवसचे दिवस घेते, हे मी डॉक्टरांच्या पुस्तकात नंतर वाचलं. उपासनेत सासरे उभे राहिले ते हसत. जीभ जड झाली होती. नोहाच्या तारवात त्यांनी गावातली माणसं नावानिशी चढवली, मधेच रडले, आणि ओट्यावरून खाली उतरताना झोकांडी खाऊन बाजाच्या पेटीवर आदळले. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर पिऊन आलं व्हय?" ते त्यांनी ऐकलं. मीही ऐकलं.

मंगळवारपर्यंत त्यांचे पाय लटपटत होते. त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, "जावईबापू, तुमी औषधपान्यातले. खरं सांगा, माझं डोकं चळलं का?"

मी म्हणालो, "वय झालं, मामा."

"खरं बोललात, बरं केलंत," ते म्हणाले आणि उपासनेच्या खोलीची किल्ली त्यांनी दुसऱ्याकडे पाठवून दिली.

पुढे चार वर्षं ते जगले. रविवारी मागच्या सतरंजीवर माझा हात धरून बसत. कुणी प्रार्थना करायला सांगितलं, की हळूच म्हणत, "आता भरवसा न्हाई, बाबा," आणि माझा हात जरा घट्ट धरत.