बांगडीतला आवाज

आमच्या लोणखेड्याच्या भजनी मंडळात वीणा ज्याच्या गळ्यात, तो पुढे गाणार आणि बाकीचे त्याच्या मागे. जुने वीणेकरी वारले तेव्हा त्या वीणेवर दोघांचा डोळा होता. एक माझा थोरला भाऊ, दादा. दुसरा आमचा चुलतभाऊ. दादाला शेतीत गम्य नव्हतं, भावकीत मान नव्हता, लेकरूबाळ नव्हतं. त्याला जगात हवी होती ती एवढी वीणा. चुलतभावाला ती हवी होती, कारण ती दादाला हवी होती. त्याचा आवाज घासलेल्या ताटासारखा स्वच्छ होता, आणि तितकाच रिकामा.

निवाड्याला तीन पंच नेमले. एकाला कमी ऐकू येई, दुसऱ्याला गाणं सुरू झालं की डुलकी लागे, आणि तिसरा शेवटी जो बोलेल त्याला मान डोलवी. शहाद्याच्या मारवाडी शेठनं तेव्हा नुकताच फोनोग्राफ आणला होता. मेणाच्या पोकळ बांगडीवर तो आवाज कोरून घेई आणि परत वाजवून दाखवी. पंचांनी ठरवलं की सारंगखेड्याच्या यात्रेत दोघांनी गायचं, शेठनं ते बांगड्यांवर उतरवायचं आणि पुढे निवांत ऐकून निकाल द्यायचा. समोर बसून ऐकलं की भीड पडते म्हणे.

यात्रेत दादा असा गायला की जवळचे घोड्यांचे सौदे थांबले. मध्येच एक घोडा खिंकाळला, तोही बांगडीत उतरला. चुलतभाऊ नंतर गायला, तोवर माणसं भजी खायला पांगली होती.

मग शेठच्या दुकानात नवाच नाद लागला. येणारं गिऱ्हाईक दादाची बांगडी मागायचं, काही दादासाठी आणि बरेचसे घोड्यासाठी. शेठही हौसेनं लावायचा. चुलतभावाची बांगडी डबीतून कोणी काढली नाही. दादा स्वतः कधी दुकानात ऐकायला गेला नाही, पण कानावर येणाऱ्या या कौतुकानं त्याचे पाय जमिनीवर राहिले नव्हते.

पंच ऐकायला बसले तेव्हा चैत्र लागला होता. दादाही समोर बसला होता. आधी त्याची बांगडी लागली. भोंग्यातून नुसती खरखर आली आणि तिच्याआड कोणीतरी म्हातारा खोकत खोकत गात होता. मग चुलतभावाची लागली, ती लख्ख. झोपाळू पंच नेमका त्याच दिवशी जागा होता.

माझं डोकं फिरलं. बांगडीतला घोडासुद्धा आजारी बकरीसारखा ऐकू आला होता. मी ओरडलो, "घोडाना बी आवाज बसना का?"

सगळे हसले. बहिरा पंच म्हणाला, "तू भाऊ शेस. मानसंना कान भावकी देखतस. यंत्रले भावकी नही."

शेठ भोंगा पुसत बसला होता. त्याचं पुसणं काही संपेना.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दुकानातच धरलं. तो थंडपणे म्हणाला, "मेन शे, भाऊ. जितलं वाजस तितलं घिसास. पन माले कोनी इचारं नही." त्याला यंत्राची अब्रू राखायची होती, दादाची गेली तरी चालणार होतं. पंचांनी तर मला दारातूनच वाटेला लावलं, दिला तो निकाल दिला म्हणून. त्या तिघांचा मला आजही संताप येतो. लोकांना आवडला म्हणून दादा झिजला होता, आणि कोणी हुंगलं नाही म्हणून दुसरा जिंकला होता.

तरी मला वाटलं, निदान दादाला तरी खरं कळू दे. तो विहिरीवर बसला होता. झिजली ती बांगडी, तू नाहीस, असं मी त्याला परोपरीनं समजावलं. तो माझ्याकडे बघेना.

"मी काय बहिरा शे का?" तो म्हणाला. "मन्हा आवाज फुटेल शे. मी सोता ऐकं."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं स्वतःला बाहेरून ऐकलं होतं, आणि ते त्याला पटलं होतं.

"एकडाव म्हनी तर देख," मी हातापाया पडलो.

माझं मन मोडवेना म्हणून त्यानं डोळे मिटले आणि यात्रेतलाच अभंग सुरू केला. जपून, दबकत, घसा आवळून. भोंग्यातली खरखर त्यानं जशीच्या तशी गळ्यात घेतली होती. मी शेवटपर्यंत ऐकलं. आता पंचांना समोर बसवलं असतं, तरी त्यांनी तोच निकाल दिला असता, आणि तो खरा ठरला असता.