उलट्या तोंडाचे कोंबडे

पेडण्याच्या बाजारात गोकुळदास शिंप्याचं दुकान आणि माझी राहायची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही नावापुरती. त्याने शिलाई मशीन सुरू केलं की माझ्या फळीवरचे डबे वाजायला लागत. मी मराठी शाळेतली बाई. संध्याकाळी वह्या तपासायला बसावं तर पलीकडून मशीनची घरघर, आणि ती थांबली तर गोकुळदासची बडबड. मी भिंतीवर थाप मारली की पलीकडून आवाज यायचा, "बाई, मशीन थांबता, पण तोंड थांबणा नाय. काय करू?"

पासष्टीचा किडकिडीत माणूस. चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली, गळ्यात टेप. दिलेल्या दिवशी कपडा तयार ठेवल्याचं मी कधी पाहिलं नाही. माझ्या एका पोलक्याला त्याने गणपतीपासून शिमग्यापर्यंत दिवस लावले. तरी गिऱ्हाईक तुटत नसे, कारण त्याच्या हातच्या टाक्याला तोड नव्हती.

ती वर्षं भाषेच्या भांडणाची. गोव्यात मराठी की कोकणी यावरून सख्खे शेजारी एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जात होते. मी कुठल्या बाजूची हे सांगायला नको. गोकुळदास मात्र दोन्हीकडच्या मोर्च्यांचे फलक शिवायचा. एकदा मी चिडून विचारलं, "लाज नाही वाटत?" तर म्हणतो, "बाई, सगळो मांजरपाट. मापा दिल्यानी, मी शिवलंय." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि त्या दोन दिवसांत माझाच जीव कंटाळला.

पण या माणसाचं नाव शिलाईपलीकडे पसरलं होतं ते फोटोंमुळे. तरुणपणी तो मामाच्या मागे बेळगावला गेला आणि तिथून मराठा पलटणीबरोबर दर्जी म्हणून फिरला. दुसऱ्या महायुद्धाचा काळ तो. प्रत्येक डिव्हिजनचं एक चिन्ह असे, कापडाचं, शर्टाच्या बाहीवर खांद्याशी शिवायचं. कुणाचा गरुड, कुणाचं मांजर, कुणाचा वाघ. यातली कितीतरी त्याच्या हातून गेली होती. जे जे शिवलं त्याचा एकेक नमुना त्याने एका लांब फडक्यावर टाचून ठेवला होता, आणि ते फडकं तो ठेवणीतल्या वस्त्रासारखं जपायचा.

त्यामुळे ज्यांच्या घरात फौजेत गेलेल्या आजोबा-काकांचे जुने फोटो होते, ते सगळे गोकुळदासकडे येत. डिचोलीहून येत, सावंतवाडीहून येत. एकदा मांद्र्याच्या किनाऱ्यावर राहिलेली एक गोरी पोर आपल्या आजोबांचा फोटो घेऊन आली होती. गोकुळदास फोटो जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात धरायचा, भिंग लावायचा, फडक्याशी ताडून पाहायचा आणि सांगायचा, हा माणूस कुठल्या डिव्हिजनचा, साधारण कुठे लढला असेल. त्याचं कधी चुकत नाही अशी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याचाही हात होता.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात गोवा राज्य होणार म्हणून गावोगाव समारंभ ठरले. पार्श्यात ठरलं की त्या दिवशी गावातल्या जुन्या सैनिकांची नावं वाचायची. तेव्हा एका दुपारी चंद्रावती गोकुळदासच्या दुकानात आली. मी तिथेच बसले होते, माझ्या पोलक्यासाठी तगादा लावत.

चंद्रावती पार्श्याची. साठीच्या पुढची, काजूच्या बागेत राबून काळवंडलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा नवरा सखाराम बेचाळीस साली नदीपलीकडे, ब्रिटिश हद्दीत गेला आणि फौजेत भरती झाला. इकडे तेव्हा पोर्तुगीज, म्हणून त्याने पत्ता दिला तो आपल्या मामाचा, पलीकडच्या आरोंद्याचा. तिथून त्याचा एक फोटो कुणाच्या तरी हाती तिच्याकडे आला. मग मामाही वारला, घरही बंद पडलं. सखारामचं पुढे काहीच कळलं नाही.

"माजो घोव फौजेत होतो, गोकुळदासबाब," ती म्हणाली. "ह्या येकदा कोणीतरी सांगा."

कारण लोक तसं मानत नव्हते. शेहेचाळीस साली मांद्र्याचा एक शिपाई रजेवर आला होता. त्याने तो फोटो पाहिला आणि हसला. म्हणाला, असला बिल्ला फौजेत नाहीच, हा तर बाजारातल्या फोटोवाल्याकडचा शर्ट. तेव्हा फोटोवाले अशा कामासाठी वर्दी ठेवत, ही गोष्ट खरीच. झालं. गावाने ठरवलं की सखारामने बायकोच्या डोळ्यांत धूळ फेकली आणि मुंबईत दुसरा संसार मांडला. तो शिपाई पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाला, पार्श्यात स्थायिक झाला, आता समारंभाच्या समितीत तोच मुख्य. चंद्रावती सखारामचं नाव यादीत घाला म्हणून गेली, तर त्याने पुन्हा तेच सांगितलं.

"मगे मी काय केलंय म्हायत आसा?" ती म्हणाली. "चाळीस वर्सां तेका गाळी घातलंय. जेवताना घातलंय, निजताना घातलंय. तो खरोच तसो असलो तर असू दे. पण नसलो तर?"

गोकुळदासने फोटो जनेलापाशी नेला. तरणाबांड गडी, ताठ उभा, छातीवर दोन खिसे, बाहीवर एक कोंबडा. भिंग लावलं. नेहमी यानंतर त्याची बडबड सुरू व्हायची. यावेळी तो गप्प राहिला. फोटो त्याने मेजावर ठेवून घेतला.

"बेस्तरवारी येवा, वयनी," एवढंच म्हणून त्याने गुरुवारचा वायदा दिला.

ती गेल्यावर मी त्याला धारेवर धरलं. "पंचेचाळीस वर्षं थांबलीय ती. तिलाही माझ्या पोलक्यासारखी तारीख देतोस?"

त्याने फडकं काढलं आणि मेजावर पसरलं. त्यावर एकाशेजारी एक असे दोन कोंबडे टाचलेले होते, लाल, झुंजायला निघालेले, एकमेकांकडे तोंड करून.

"ह्यो डाव्या हाताचो, ह्यो उजव्या," तो म्हणाला. "जोडी असता. बाहीर शिवल्यार दोघांचा तोंड फुडे होवक व्हया. शत्रूकडे."

मग मी फोटो पाहिला. सखारामच्या बाहीवरचा कोंबडा मागे बघत होता. मी म्हटलं, फोटो उलटा छापला असेल. त्याने मान हलवली. "बटणां बघा. पुरुषाच्या शर्टाची जशी व्हयी तशीच आसत. फोटो सुलटो आसा. कोंबडोच उलटो."

"म्हणजे सुभेदाराचं खरं?"

"सुभेदाराचा बरोबर. असलो बिल्लो फौजेत नाय." तो खुर्चीवर बसला. "तो मी शिवलंय."

मग त्याने सांगितलं. झाशीची छावणी होती. पलटण पूर्वेकडे निघायची होती आणि नवे बिल्ले आले होते. दोन दिवसांत शेकडो शर्ट. वीस वर्षांचा गोकुळदास मान वर न करता शिवत होता, आणि एका गठ्ठ्यात त्याने डावे-उजवे उलटे लावले. एका कंपनीचे चाळीसेक शर्ट. शर्ट वाटले गेले तो रविवार होता. पोरं नवे शर्ट घालून बाजारात फोटो काढायला गेली, कारण पुढे कुठे जायचं आणि परत यायचं की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी हवालदाराच्या लक्षात आलं. तो सगळ्यांसमोर गरजला, दर्जी, तुझे कोंबडे पळपुटे! रात्रीतून टाके उसवून सगळे बिल्ले पुन्हा शिवले. सोमवारी एकही उलटा कोंबडा उरला नव्हता. उरले ते फक्त रविवारच्या फोटोंत.

"हा बिल्लो फोटोवाल्याकडे मिळूचो नाय, बाई. जगात तो येकाच दिवसापुरतो होतो. म्हणजे सखाराम त्याच कंपनीतलो. आणि माज्या हातची चूक त्या बायलेच्या कपाळार बसली इतकी वर्सां."

मी म्हटलं, "मग आत्ताच जा आणि सांग."

"ती कंपनी मणिपुराक गेली. तापान आजारी पडलंय म्हणान माका मागे पाठवलो. कंपनीतले थोडेच परत इले." तो माझ्याकडे बघेना. "तो शिपाय होतो म्हणान सांगलंय, तर तो कित्याक येवक नाय ताय कळतला. तिच्या कपाळार कुंकू आसा, बाई. मी पुसू ता?"

मला उगाच राग आला, कुणाचा ते कळेना. त्या संध्याकाळी मशीन चाललं नाही, आणि वह्याही तपासून झाल्या नाहीत.

बेस्तरवारी चंद्रावती आली. गोकुळदासने सगळं सांगितलं, एक टाकाही लपवला नाही. चूक कशी झाली, कुणाची झाली, कंपनी कुठे गेली. ती ऐकत राहिली. कुंकवाचं तो बोलायला गेला तेव्हा तिने हात वर करून थांबवलं.

"कुंकवाचा माजा मी बघतलंय. तुमका ते याद आसत?"

खोटं बोलायची संधी होती, आणि खोटं बोलला असता तर मी त्याला माफही केलं असतं. पण तो म्हणाला, "नाय वयनी. माका फक्त शर्ट याद आसत." मग त्याने पुन्हा फोटो घेतला आणि त्याला जे येत होतं ते केलं. सखारामच्या खांद्यांवरून बोट फिरवलं. "उजवो खांदो डाव्यापेक्षा बोटभर खाली. थंयसर शर्ट ओढता. वजन व्हायलेलो माणूस."

"कावड," चंद्रावती म्हणाली. "आमचे नारळ ते कावडीन बाजारात नेयत." आणि मग ती रडली, पदर तोंडात कोंबून, दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना. मीही रडले, सांगायला लाज कसली.

दुसऱ्या दिवशी गोकुळदास पार्श्याला गेला. समितीचे लोक देवळाच्या मंडपात बसले होते. त्याने फडकं त्यांच्यासमोर पसरलं, फोटो ठेवला, झाशीची हकिगत सांगितली आणि म्हणाला, "चूक माजी." ज्याचं कधी चुकत नाही असा माणूस हे बोलला. सुभेदारांनी दोन्ही कोंबडे फोटोशी ताडून पाहिले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने यादीत सखारामचं नाव लिहिलं, आणि चंद्रावतीच्या घरी जाऊन तिच्यासमोर हात जोडले. तिने त्यांना पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही.

मी बेळगावला पलटणीच्या दप्तराला इंग्रजीत पत्र लिहिलं. पलटण, कंपनी, महिना, सगळं गोकुळदासने सांगितलेलं. ऑगस्टअखेर उत्तर आलं. सखाराम चव्वेचाळीस सालच्या मे महिन्यात मणिपूरच्या डोंगरात बेपत्ता, मृत समजला गेला. तशी खबर आरोंद्याला पाठवली होती, ती घेणारं कुणी नाही म्हणून परत आली. मी चंद्रावतीला वाचून दाखवलं. तिने पत्र दोनदा वाचायला लावलं, दोन्ही वेळा एकाच ठिकाणी मान डोलावली, नवऱ्याचं नाव आलं तिथे.

मग भाद्रपदात पितृपक्ष आला. आमच्याकडे याला म्हाळ म्हणतात. गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी पानावर बसवायचं, त्याला पोटभर वाढायचं आणि शेवटी विचारायचं, तृप्त झालात? त्याने तृप्त झालो म्हणायचं. चंद्रावतीने सखारामचा म्हाळ कधी घातला नव्हता, कारण तो मेल्याचं कुणी म्हटलंच नव्हतं. यंदा सर्वपित्रीला तिने घातला, आणि त्याच्या जागी बसायला बोलावलं गोकुळदासला.

तो घाबरला होता. सकाळपासून मला तीनदा विचारून झालं, बसू की नको बसू. म्हटलं, जिने बोलावलं तिला कळतं, तू मुकाट्याने बस. मी वाढायला मदत करायला गेले. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. चंद्रावती नवं लुगडं नेसली होती. कपाळावर कुंकू होतंच, आणि त्याबद्दल विचारायची छाती तिथे कुणाचीच नव्हती.

गोकुळदास पाटावर मान खाली घालून जेवत होता. एक शब्द नाही. असा गप्प तो मी त्याआधी एकदाच पाहिला होता, सखारामचा फोटो पहिल्यांदा हातात आला तेव्हा. चंद्रावती पानासमोर बसली. इतकी वर्षं ती नवऱ्याला तो म्हणत आली होती, खरं कळल्यावर ते. त्या दिवशी म्हणाली, "तुमी."

"तुमी पळान गेलास नाय. माका ता कळाक वेळ लागलो. रोज गाळी घातलंय तुमका. त्यो सगळ्यो मी मागे घेतंय." तिने खिरीची वाटी पुढे सरकवली. "पोटभर जेवा. थंय तुमका कोण वाढीत होता, माका ठावक नाय."

गोकुळदासच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्याने तो खाल्ला, आणि पानावरचं सगळं संपवलं.

"तृप्त झालास?" चंद्रावतीने विचारलं.

"तृप्त झालंय," तो म्हणाला. रीत तेवढीच होती. पण त्याने मान वर केली आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "आणि गाळी येकय लागली नाय माका."

चंद्रावतीने पदराने तोंड पुसलं, परातीतून एक वडा उचलला आणि त्याच्या पानावर वाढला.