टाळूवरचं तेल
करडीचं तेल कोमट केलं की मला अंगणवाडीतली ती सकाळ आठवते. आमचा नातू दिवस भरायच्या आधीच जन्मलेला, हाकेला मानसुद्धा वळवायचा नाही. शेजारणी म्हणायच्या, पोरगं मंद निघणार. "ऐकतच न्हाई, तर बोलू काय?" म्हणून सुनेनं त्याच्याशी बोलणंच सोडलेलं. तेव्हा बाळाच्या मेंदूत काय चाललंय ते दाखवणारी, बारक्या दिव्यांची टोपी घेऊन शहरातली एक संशोधक पोरगी गावच्या अंगणवाडीत आली, अन् मी नेमकी त्याची टाळू तेलानं भरून नेली! टोपी काही बसेना. मला वाटलं, आता रागावती. ती हसली, "आजी, माझी टोपी घसरगुंडी खेळायलीय!" मी बेसन लावून डोकं धुईपर्यंत ती निवांत थांबली. मग सुनेला म्हणाली, "ताई, बोला त्याच्याशी." सून बोलली की टोपीला जोडलेल्या पडद्यावरची रेघ चढायची, गप्प झाली की उतरायची. "पुढचं आज सांगता येत नाही," पोरगी म्हणाली, "पण तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतोय." त्या दिवसापासून सुनेचं तोंड मिटलं नाही. आज धाकट्या नातीची टाळू भरताना बोटाखाली धुकधुक लागते. ती आम्हा बायकांच्या ओळखीचीच. पण टाळूच्या आत काय चालतं, ते त्या टोपीवाल्या पोरीनं दाखवलं.